लाल चिंधीची बाटली

जळगाव,
२६ एप्रिल १९९६

प्रिय वना,

रुक्मावहिनींच्या बिबड्यांचा डबा मंगळवारी एरंडोलच्या एस.टी.ने पोचला. कंडक्टरने डबा देताना नाक वर करून विचारलं की यात काय आहे, सगळी गाडी लसणाच्या वासाने भरलीय. मी म्हटलं, आमच्या आखाजीचं वाण आहे. निम्मे बिबडे दरवर्षीसारखे वाटेतच मोडले होते, पण वास अजून तसाच, ज्वारीचा, तिळाचा आणि तुमच्या अंगणातल्या उन्हाचा. डब्याबरोबर गोणपाटात शिवलेलं ते दुसरंही मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी तेच लिहायला घेतलं तर पुढचं काही लिहून होणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

सुनंदाने त्याच दुपारी चार बिबडे तळले आणि माझ्या ताटात ठेवले. मी खाल्ले नाहीत. खरं सांगू का वना, नऊ वर्षांत नऊ डबे आले, त्यातला एकही बिबडा मी तोंडात घातलेला नाही. तळलेलं सोसत नाही, छातीत जळजळतं, असं घरी सांगून ठेवलंय. सुनंदा शेजारीपाजारी वाटते आणि तुझं कौतुक सांगते, की बघा, माणूस केव्हाचा कामावरून गेला पण उपकार विसरला नाही. मी तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

तुमच्या गावचा झुलाल होळीनंतर इथे बाजारात भेटला होता. त्याने सांगितलं की तुझ्या विहिरीवरचा पंप चार दिवस बंद होता, वांग्याचं रोप उन्हाने माना टाकत होतं, आणि तू बांधावर बसून एरंडोलच्या मिस्त्रीची वाट बघत होतास. मिस्त्री आला, अर्ध्या तासात वॉशर बदलून गेला. झुलाल हसत सांगत होता, पण मला हसू आलं नाही. ज्या माणसाने बंद इंजिनावर नुसता तळवा ठेवून दुखणं सांगितलं, त्याने स्वतःच्या पंपाला हात लावायचा नाही म्हणजे काय? झुलाल म्हणाला, “तो पान्याले शिवतबी नही. म्हनस, मना हातना आते भरोसा नही.” बाजारात भाजी न घेताच मी घरी आलो. तू पुन्हा पाना हातात घेणार की नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

आपली ती गाडी आठवते ना? पंच्याऐंशी साली परदेशातल्या कुणा देणगीदाराने आपल्या नेत्रसेवा संस्थेला पाठवलेली कॅराव्हॅन. जीपमागे जोडायची, आत दोन झोपायचे बाकडे, हात धुवायचं भांडं, डोळे तपासायचं यंत्र, आणि खाली तेलाच्या दाबावर वर-खाली होणारे चार पाय. संस्थेने तिचं नाव भारदस्त संस्कृतात ठेवलं होतं, पण खेड्यात गेलं की पोरं ओरडायची, “डोळासनी गाडी उनी.” तिच्याबरोबर आलेलं पुस्तक जर्मन की डच यावर संस्थेचे अध्यक्ष देवचंदशेठ आणि डोळ्यांचे डॉक्टर यांचा आठवडाभर वाद चालला होता. शेवटी ते पुस्तक आपल्या दोघांच्या हवाली झालं आणि आपण चित्रं बघून कामाला लागलो. मी आयटीआय पास वायरमन, प्रमाणपत्र चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर टांगलेलं. तू चौथी झालेला, ट्रॅक्टरच्या गॅरेजात हात काळे करून शिकलेला. कामाची वाटणी मीच केली होती, आणि मोठ्या रुबाबात. तारेतून वाहतं ते माझं, नळीतून वाहतं ते तुझं.

पहिल्याच महिन्यात तारेतून वाहणाऱ्याने माझी फजिती केली. डावीकडे वळायचा दिवा लावला की मागचे दोन्ही लाल दिवे मिचकायचे, आणि जीप खड्ड्यात आपटली की आतली ट्यूब विझायची. तीन दिवस मी दिवे बदलले, फ्यूज बदलले, वायर उकलून पुन्हा गुंडाळल्या. तू लांब उभा राहून बघत होतास. तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, “मगनभाऊ, खड्डामा विझस म्हनजे दुखनं जोडमा शे.” मग दीड हात तार घेऊन एक टोक जीपच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला लावलंस, आणि सगळे दिवे लख्ख. करंट परत यायची वाट जीप आणि गाडी जोडणाऱ्या हूकमधून होती आणि मी हूकला हौसेने जाड रंग आणि वर ग्रीस फासलं होतं. दुसऱ्या दिवशी देवचंदशेठांनी विचारलं, दोष कुणाला सापडला? मी म्हटलं, अर्थिंगचा दोष होता, काढला. कुणी काढला ते सांगितलं नाही. तू तिथेच उभा होतास आणि हसलास, आणि मला वाटलं की तुला काही वाटलं नाही. त्या दिवसापासून मला एक वाईट सवय लागली, वना. नाव माझं आणि काम तुझं.

नळीतलं दुखणं मात्र तू कुणाला विचारायचा नाहीस. साक्रीच्या शिबिरात गाडीचा एक पाय हळूहळू बसायला लागला होता. भिकुबाई नावाची म्हातारी यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेली आणि जमीन तिरकी. ती डॉक्टरांना म्हणाली, “डोळा मंग देखा, पहिले घर सरळ करा.” तू चुलीतली राख मागवलीस, सगळ्या नळ्यांवर भुरभुरलीस आणि पाठ टेकून गाडीखाली पडून राहिलास. दहा मिनिटांत एका जोडावरची राख ओली झाली. तेवढाच जोड आवळलास. डॉक्टर म्हणाले, याला पुस्तक कशाला हवं. मी तेव्हा खोट्या कौतुकाने मान डोलावली, पण आत कुठेतरी चरफडलो होतो. आज लिहायला बसलो तर तेही लिहून टाकतो.

आता बाटल्यांचं. पायाचं जॅक ऑइल आणि ब्रेकचं तेल, दोन्ही तू सरबताच्या सारख्याच बाटल्यांत ठेवायचास. ब्रेकच्या बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी, जॅकच्या बाटलीला काहीच नाही. तरी ओतण्याआधी बाटली नाकाशी न्यायचास. शंका आली तर वाटीत पाणी घेऊन एक थेंब टाकायचास. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं, जॅकचं वर तरंगतं. मला ते सगळं गावठी वाटायचं. सत्त्याऐंशीच्या आखाजीआधी विश्वस्त शेड बघायला येणार होते. तू सण म्हणून चार दिवस गावी गेला होतास, तुझी बहीण माहेरी आली होती. मी शेड चकाचक करायला घेतली. तुझ्या तेलकट बाटल्या फेकल्या, धुतलेल्या दोन नव्या बाटल्यांत तेल ओतलं, लाल चिंधी जाळली. चिठ्ठ्या चिकटवायच्या तेवढ्यात देवचंदशेठांचं बोलावणं आलं. परत आलो तेव्हा दोन बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. डावीकडे कुठली होती ते मला आठवतंय असं मला वाटलं. वास घ्यावा हे सुचलंही नाही, कारण वास घेणं हे तुझं काम, माझं नव्हे. माझ्या सुंदर वळणदार अक्षरात मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, ‘ब्रेक ऑइल’ आणि ‘जॅक ऑइल’, आणि डिंकाने चिकटवल्या. विश्वस्तांनी त्या अक्षराचंसुद्धा कौतुक केलं.

तू बुधवारी परत आलास. शनिवारी पद्मालयाकडच्या एका गावात शिबिर होतं, तिथल्या शाळेत भिकुबाई मुद्दाम लेकीकडे येऊन थांबणार होती, तिचा दुसरा डोळा बघायचा होता. हूकजवळच्या डबीत ब्रेकचं तेल कमी झालं होतं. तू बाटली उचललीस, सवयीने नाकाशी नेलीस, आणि मध्येच थांबून चिठ्ठी बघितलीस. एकेक अक्षर लावून वाचलंस. मग मला म्हणालास, “तू लिखेल शे ना, मंग आते नाकनं काय काम?” आणि ओतलंस. मी शेजारी उभा होतो आणि मला बरं वाटलं होतं. शेवटी एकदाचं तू माझं ऐकलंस असं वाटलं होतं.

शनिवारी एरंडोलला पोचेपर्यंत गाडीची चाकं तापली. भटू जीप चालवत होता, त्याला ओढ जाणवली. तू उतरून ड्रमला हात लावलास आणि चटकन मागे घेतलास. ब्रेकच्या नळीचं निपल सैल करून थोडं तेल सोडलंस, चाकं मोकळी झाली. ते तेल तू दोन बोटांत घेऊन चोळत राहिलास. मग माझ्याकडे बघून विचारलंस, “मगनभाऊ, त्या बाटल्या तू बराबरच भऱ्यात ना?” वना, त्या क्षणी मला टेबल आठवलं. दोन बाटल्या आठवल्या. मी डावी-उजवी आठवून बघितली आणि मला ती आठवेना. समोर डॉक्टर उभे होते, देवचंदशेठ त्यांच्या गाडीतून उतरून घड्याळ बघत होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की खात्री नाही, थांबू या. मी म्हणालो, “म्हणजे काय, मला वाचता येत नाही का?” आणि तू मान खाली घालून निपल आवळलंस. नऊ वर्षं मी रोज त्या रस्त्याच्या कडेला उभा असतो. जळगावात, जेवताना, अंघोळ करताना, कुठेही असलो तरी.

पुढचं तुला मी काय सांगू. जॅकच्या तेलाने रबर फुगतं. आधी ब्रेक सोडत नाहीत आणि मग पकडतच नाहीत. पद्मालयाच्या उतारावर गाडीने जीपला मागून रेटलं, भटूने पाय दाबला तरी वेग आवरेना, आणि जीप नाल्यात कलंडली. मला दोन ठिकाणी खरचटलं. तुझ्या कपाळाला खोक. भटूचा पाय मांडीतून मोडला आणि तू त्याला धरून बसलास, तुझ्या शर्टाची बाही फाडून त्याचा पाय बांधलास. मी काय करत होतो ठाऊक आहे? मी गाडीकडे बघत होतो आणि शेडमधल्या बाटल्यांचा विचार करत होतो. शाळेच्या ओट्यावर लोक संध्याकाळपर्यंत थांबले होते म्हणे. भिकुबाईचा दुसरा डोळा नंतर कुणी बघितला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दवाखान्यात भटूच्या उशाशी असताना मी शेडमध्ये गेलो. वाटीत पाणी घेतलं आणि पहिल्यांदाच तुझ्यासारखा थेंब टाकला. ‘ब्रेक ऑइल’ लिहिलेल्या बाटलीतला थेंब तरंगला. मी दोन्ही चिठ्ठ्या भिजवून काढल्या आणि नव्या लिहून योग्य बाटल्यांवर चिकटवल्या. तू दुपारी आलास, बाटल्या हुंगल्यास, चिठ्ठ्या वाचल्यास, आणि मटकन खाली बसलास. चिठ्ठी बरोबर आणि बाटलीही बरोबर, म्हणजे आपणच घाईत दुसरी बाटली उचलली, असं तू धरलंस. गॅरेजवाल्याने फुगलेलं रबर संस्थेच्या चौकशी समितीपुढे ठेवलं तेव्हा कुणी विचारायच्या आधी तू उभा राहिलास. “मना हातनी चूक शे साहेब,” म्हणालास. देवचंदशेठ पोलिसांत द्यायचं बोलत होते. मग मी उठलो आणि तुझी बाजू मांडली. गरीब माणूस आहे, मुद्दाम केलेलं नाही, कामावरून काढा पण केस करू नका. मी इतका छान बोललो की समितीतल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर तू माझे पाय धरलेस आणि म्हणालास, “तू व्हता म्हनीसन मी वाचनू.” मी तुला उठवलं, हे मला आठवतं.

मी भ्यायलो होतो, एवढंच कारण आहे. नोकरी जाईल, प्रमाणपत्राची लाज जाईल, सुनंदाच्या नजरेतून उतरेन म्हणून. नंतर भीती गेली, पण तोवर बिबड्यांचा पहिला डबा आला होता, आणि मग दरवर्षी सांगणं जास्तच अवघड होत गेलं. गेल्या रविवारी, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, मी नशिराबादला भटूच्या घरी गेलो होतो. तो हायवेवर चहाची टपरी चालवतो, पाय अजून ओढतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्यासमोर चहा ठेवला, स्वतःचा तसाच निवू दिला. मग म्हणाला, “पायाचं जाऊ द्या मगनभाऊ. पण नऊ वर्षं मी वनाला शिव्या दिल्या. त्या आता परत कशा घेऊ?” सोमवारी देवचंदशेठांकडे लेखी दिलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं आणि म्हणाले, आता कशाला हे, गाडीसुद्धा गंजून गेली, निवृत्तीला तुमची दोन वर्षं उरलीत, नीट घालवा. कागद मात्र मी त्यांच्याकडून परत घेतला नाही. समितीच्या दप्तराला लावा म्हणून बसून राहिलो आणि लावून घेतला.

त्या दोघांना सांगितलं, पण तुला सांगायचा दिवस मी अजून पुढे ढकलत बसलो असतो. मंगळवारी तुझं गोणपाट उसवलं आणि आतून तुझ्या पान्यांची गुंडाळी निघाली. तेच जाड कापड, तेच बारा पाने, ती टोक झिजलेली पक्कड, सगळं तेल लावून पुसलेलं. वर तुझ्या मोठ्या मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी, की मगनभाऊ, हे पाने तू ठेव, मना हातले शोभत नही, ज्याने मला वाचवलं त्याच्याच घरी ते राहू देत. वना, मी तुला वाचवलं नाही, मी तुला बुडवलं. तू ओतलेल्या बाटलीवर माझ्या हाताने चुकीचं नाव लिहिलेलं होतं, आणि एरंडोलला तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तुझा हात कधीच चुकला नव्हता. गुंडाळी होती तशी बांधून याच पत्राबरोबर परत पाठवतोय. तू मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तू शिव्या दिल्यास तरी चालेल, पुढच्या वर्षी डबा आला नाही तरी चालेल, फक्त उद्या सकाळी पाना घेऊन पंपापाशी जा. हे पत्र माझ्या अक्षरात आहे, आणि माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून तू एकदा सगळं घालवलं आहेस, म्हणून यावरही ठेवू नकोस. पान्यांच्या घडीत त्या दिवशी मी काढलेली जुनी चिठ्ठी आहे, ‘ब्रेक ऑइल’ लिहिलेली, तेव्हा फेकवली नाही ती. तू ओतताना ओघळलेल्या तेलाचा डाग तिच्यावर अजून आहे. वाटीत पाणी घे, डागाचं तेल तरंगतं का बघ, पण आधी ती नाकाशी धर.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला, तरीही तुझाच,
मगन